जंगलात पाच पोरं आणि तोच तोच पिक्चर: खटकते ती नक्कल की दुसरंच काही?

जुनाराजवाडा (धागाकर्ती)
मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय. आमच्या कोल्हापुरातल्या, ओळखीतल्या कॉलेजच्या पोरांनी एक भयपट केलाय. पाऊण तासाचा, मोबाईलवर शूट केलेला, पैसे आपापसात वर्गणी काढून. एका हॉलमध्ये पडदा लावून दाखवला. पिक्चरचं आणि पोरांचं नाव इथं देत नाही. गोष्ट तुम्ही न बघताच सांगाल. तीन मुलं, दोन मुली, गाडी काढून आंबा घाटाच्या बाजूला जंगलात मुक्कामाला जातात. वाटेत एक म्हातारा 'पुढं जाऊ नका' म्हणतो. मोबाईलची रेंज जाते. गाडी बंद पडते. पडका बंगला, मुखवटा घातलेला माणूस, हातात कोयता. 'मी बघून येतो' म्हणत एकेक जण जातो आणि परत येत नाही. शेवटी एक मुलगी उरते.

लोक घाबरायच्या जागी हसले. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, इंग्रजी पिक्चरची कॉपी मारली की असंच होणार. मला ते पटलं नाही. असले पिक्चर मी शाळेपासून आवडीनं बघत आलेय. ते सगळेच एकमेकांवरून उचललेले असतात, तरी त्यातले काही झोप उडवतात. कोयता, मुखवटा, गेलेली रेंज, हे सगळं उसनं चालतं. जंगल उसनं चालत नाही. ह्या पिक्चरमधलं जंगल कुठलंच नव्हतं, आंबा म्हटलं काय आणि अमेरिका म्हटलं काय. पोरं पुढचा पिक्चर करणार आहेत, म्हणून मनापासून विचारते: तुम्हाला काय वाटतं?

तांबडापांढरा
म्हातारा 'पुढं जाऊ नका' म्हणाला तर आपली पोरं त्यालाच गाडीत घेतील. 'बसा आजोबा, वाट दाखवा, जेवूनच जावा.' पिक्चर तिथंच संपला!

शुक्रवारपेठ
कॉपी ती कॉपीच, ताई. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली ज्या गावात सुरू झाली, तिथल्या पोरांनी मुखवटा आणि कोयता घेऊन नाचावं हे मला पटत नाही. पैसे कमी असतील, पण डोकं तर आपलं वापरता येतं. आपल्याकडं गोष्टींचा दुष्काळ आहे का?

रीळवाला
शुक्रवारपेठ, पेंटरांचा विषय काढलात ते बरं झालं. त्याच 'सैरंध्री'त भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब घेतला होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला. म्हणजे पडद्यावर माणसाला दचकवायची हौस ह्या गावात शंभर वर्षांची आहे. पोरं परंपरेतच आहेत.

आता कॉपीचं. १९७८ साली जॉन कार्पेंटरनं 'हॅलोवीन' केला, तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या मानानं चिल्लर. मुखवटा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बाजारातला 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा आणून त्याला पांढरा रंग फासला. पिक्चर तुफान चालला. ते बघून शॉन कनिंगहॅमनं 'फ्रायडे द थर्टीन्थ' काढला. पटकथा हातात नसतानाच त्यानं व्हरायटी मासिकात पिक्चरची मोठी जाहिरात देऊन टाकली होती! १९८० साली तो आला, आणि मग जंगलातली शिबिरं आणि तिथं मरणारी पोरंपोरी ह्यांची रांगच लागली. त्याच्या दुसऱ्या भागातले एकदोन खून तर मारिओ बाव्हा ह्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९७१ च्या 'अ बे ऑफ ब्लड'मध्ये जवळपास तसेच सापडतात. ह्या प्रकाराचा मूळपुरुष शोधायला गेलात तर हाती कुणी लागणार नाही. जो तो मागच्याचा हात धरून उभा आहे.

आणि आपल्याकडं? १९९३ चा 'झपाटलेला' घ्या. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'ची. पण रामदास पाध्यांनी बाहुला असा केला आणि महेश कोठाऱ्यांनी तो अशा गावात नेऊन सोडला की तात्या विंचू आपलाच झाला. आज त्याला कुणी परका म्हणून दाखवावं. म्हणून मी धागाकर्तीच्या बाजूनं आहे.

निशाचर_नऊनंबर
काका, 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन असतो तो ना? तो आमच्या ग्रुपचा फेवरिट!

रीळवाला
पहिल्या भागात तो नव्हे. तिथं खून त्याची आई करते. हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात आला, १९८२ साली.

निशाचर_नऊनंबर
अहो काका, शेवट फोडला की! आजच रात्री बघणार होतो.

रीळवाला
चाळीस वर्षं वाट बघितली तुमची. आता दुसरा भाग बघा.

गवा_आडवा
वरचं सगळं वाचलं. मी जंगलात फिरणारा माणूस आहे, पिक्चरमधलं फार कळत नाही, पण ताई म्हणतात ते 'कुठलंच नसलेलं जंगल' कसं होतं हे मी सांगू शकतो. हा पिक्चर मीही बघितला. मध्यरात्रीच्या सीनला लांडगा ओरडतो. लांडगा हा माळरानाचा प्राणी. आंब्याच्या, दाजीपूरच्या गच्च झाडीत तो कसा येईल? तो आवाज नेटवरून उतरवलेला, आणि तो ऐकल्याबरोबर आपल्या कानाला कळतं की हे इथलं नाही. लोक का हसले असतील ते तिथंच शोधा.

आपल्या जंगलात रात्री काय ऐकू येतं? रातवा पक्ष्याचं एका लयीत चाललेलं चक्-चक्-चक्. ते अर्धा-अर्धा तास थांबत नाही. भेकर ओरडतं तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. मग ध्यानात येतं की आसपास कोसभर वस्ती नाही, कुत्रं येणार कुठून? सांबराची एकच मोठी हाक येते आणि पुन्हा सगळं सामसूम. आणि सगळ्यांत भारी म्हणजे रातकिडे. ते इतके एकसारखे किरकिरत असतात की कान त्यांना विसरतो. जवळून काही चाललं की तेवढ्या पट्ट्यातले किडे गप्प होतात. तुम्ही बसलात, डावीकडचा आवाज बंद झाला, मग जरा पुढचा बंद झाला, आणि मागचा परत सुरू झाला. म्हणजे काहीतरी डावीकडून पुढं सरकतंय. दिसत काहीच नाही. हे नुसत्या आवाजावर पडद्यावर करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. चांगला माइक आणि एक रात्र तेवढी पाहिजे.

पोरांना एक सांगा. राधानगरी अभयारण्यात रात्री थांबायचा विचार करू नका. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असतं, आणि तिथं गवा आहे. १९५८ सालापासून ते जंगल गव्यासाठीच राखलंय. टनभर वजनाचं जनावर अंधारात आडवं आलं तर त्याला पटकथा माहीत नसते.

तांबडापांढरा
गवा_आडवा, तुमची आयडी आत्ता कळली!

आजरा_घनसाळ
मला वेगळंच खटकतं, आणि हे मी एका मुलीची आई म्हणून लिहितेय. अमेरिकेतल्या पिक्चरमध्ये पाच पोरं शुक्रवारी गायब होतात आणि सोमवारपर्यंत कुणाला पत्ता नसतो. आपल्याकडं मुलीचा फोन अर्धा तास लागला नाही तर आई तिच्या मैत्रिणीच्या आईला फोन करते. ती तिसरीला. मग कळतं की सगळ्यांनी घरी एकमेकींचंच नाव सांगितलंय. रात्री अकराला एखाद्या काकांची जीप निघते, तालमीतली पोरं मागं बसतात. जंगलात काय चाललंय ते राहू दे, ह्या घराघरांतल्या फोनमध्ये केवढा जीव आहे! तिथं एक आई, इथं एक पोरगी, मधे रेंज नाही. ही भीती आमच्या ओळखीची आहे. ती एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये एकदाही आली नाही. ज्या मुली मरतात त्यांना घरच नसतं.

आणि मुलींना फक्त किंचाळायला ठेवू नका. शेवटी उरते ती मुलगी का उरते, हे तिच्या वागण्यात आधीपासून दिसू दे. आमच्या मुली ट्रेकला जातात, दोर बांधतात, साप बघितला तर बाजूनं जातात.

पेठेतलाबाळ्या
काकूंना हजार मोदक. आमच्या पेठेतली पाच पोरं रात्री परत आली नाहीत तर पहाटेच्या आत चार जीपा आणि एक टेम्पो जंगलात. मुखवटावाल्याचीच धडगत नाही.

शुक्रवारपेठ
बाळ्या, हसण्यावारी नेऊ नकोस, त्यात गोष्ट आहे. शोधायला गेलेल्यांपैकी एखादा परत आला नाही तर? आजरा_घनसाळ म्हणतात ते मला पटतंय. पण मग मुखवटा आणि कोयत्याची गरजच काय? आपल्याकडं चकवा नाही का? माझे आजोबा गगनबावड्याकडचे. रात्री रानातून येताना माणूस त्याच त्या झाडापाशी फिरून फिरून येतो, घर समोर असून सापडत नाही. जुनी माणसं सांगायची, चकवा लागला की बसकण मारायची आणि उजाडेपर्यंत जाग्यावरून हलायचं नाही. पाच पोरांना हे माहीत आहे, पण बसून राहायला एकजण तयार नाही. एवढ्यावर अख्खा पिक्चर उभा राहतो, कोयता न काढता.

मसाईचं_धुकं
चकव्याला मी पूर्ण अनुमोदन देतो. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जातो आम्ही. मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. हाक ऐकू येते, पण कुठल्या बाजूनं ते कळत नाही. पठार सपाट, खुणेला झाड नाही, पायाखाली सगळीकडं सारखंच गवत आणि पाणी. एकदा आमच्यातला एकजण बुटाची लेस बांधायला खाली बसला आणि उठला तेव्हा आम्ही नव्हतो. आम्ही वीस पावलांवर उभं राहून त्याला हाका मारत होतो आणि तो आमच्यापासून लांब चालला होता, कारण त्याला हाक उलट्या बाजूनं येतेय असं वाटत होतं. दिवसाढवळ्या, शंभरभर माणसांच्या मोहिमेत. तो नंतर म्हणाला, तुमचे आवाज ओळखीचे होते म्हणूनच जास्त भीती वाटली.

हे मोबाईलवर फुकटात शूट होतं. धुक्याचं मशीन नको, लाइट नको. आणि धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नसल्यामुळं कमी खर्चाचा पिक्चर कमी खर्चाचा वाटतही नाही.

रीळवाला
मसाईचं_धुकं, एक नंबर लिहिलंत. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच साधलं. मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस शूटिंग. कॅमेरे नटांच्याच हातात, रोजच्या सूचना चिठ्ठ्यांवर लिहून खोक्यात ठेवलेल्या, खाणं मुद्दाम दिवसेंदिवस कमी केलेलं. चेटकीण एकदाही दिसत नाही. तीन पोरं, त्यांचं भांडण आणि हरवलेली वाट. धंदा केला जगभरात पंचवीस कोटी डॉलरच्या घरात. आपण चकवा म्हणतो त्याच्या अगदी शेजारचं आहे ते.

आणि पोरांना निराश होऊ देऊ नका. सॅम रेमीनं 'द एव्हिल डेड'च्या आधी १९७८ मध्ये 'विदिन द वुड्स' नावाचा अर्ध्या तासाचा पिक्चर मित्रांना घेऊन केला, तोही जंगलातल्या पोरांचाच. तो दाखवून दाखवून डॉक्टर, डेंटिस्ट मंडळींकडून पैसे जमवले. गाडी-ट्रॉली परवडत नव्हती, तर फळीवर कॅमेरा ठोकला, दोन्ही टोकं दोघांनी धरली आणि पळत सुटले. जंगलातून काहीतरी धावत येतंय असं वाटायला लावणारा तो शॉट नंतर जगानं उचलला. त्यांचं रक्त म्हणजे मक्याचा पाक आणि रंग.

पेठेतलाबाळ्या
मक्याचा पाक कशाला, आपल्याकडं काकवी आहे की! गुऱ्हाळावरून आणायची, त्यात खायचा लाल रंग. आधीच काळसर असल्यामुळं वाळलेल्या रक्तासारखी दिसते. गॅदरिंगच्या नाटकात वापरलीय. फक्त मेलेल्या माणसानं लवकर उठावं, मुंग्या लागतात.

कोयतावाला
नमस्कार. मुखवट्याखाली मीच होतो. धागा एका मित्रानं पाठवला, रात्रभर आम्ही सगळे वाचत बसलो. जुनाराजवाडा ताई, नाव न घेतल्याबद्दल आभार, पण घेतलं असतं तरी चाललं असतं.

काही गोष्टी सांगतो. पिक्चर आंब्यात शूट झालेला नाही. परवानगीचा अर्ज, फी, वेळ ह्यात आमचं बसेना, म्हणून गावाजवळच्या नीलगिरीच्या लागवडीत केला. नीलगिरीखाली झुडूप वाढत नाही, खोडं सरळ आणि ओळीत, त्यामुळं कॅमेरा कुठंही फिरवला तरी लांबपर्यंत आरपार दिसतं. मी झाडामागं लपलो तरी दोन्ही खांदे बाहेर. लोक हसले ते त्याच सीनला. आवाज जागेवर घेतलाच नाही, कारण शेजारच्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालू असायचे. मग लांडगा, घुबड, वारा सगळं डाउनलोड केलं.

आमची आवड खरी आहे. असे पिक्चर आम्हाला मनापासून आवडतात आणि आम्हाला तसाच करायचाय, मुखवट्यासकट. चकवा मला खूप आवडला, पण त्यात मारणारा नाही. आम्हाला मारणारा पाहिजे. ह्यात काही मार्ग आहे का? आणि जंगल परवडत नसेल तर कुठं करायचं?

पाटपाणी
भावा, मी करवीर तालुक्यातला शेतकरी. पिक्चर फारसे बघत नाही, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. तू नीलगिरीत कशाला गेलास? ऊस दिसला नाही का तुला?

शेतीच्या लाइटीची पाळी रात्रीची असते त्या आठवड्यात आम्ही रात्री पाणी पाजायला जातो. एकटा माणूस, एक बॅटरी, एक खोरं. आडसाली ऊस दोन पुरुष उंच होतो. सरीत शिरलं की दोन्ही बाजूंनी पाला अंगावर. हात वर करून चालावं लागतं, नाहीतर पानाच्या कडेनं तोंड, कान, मान चिरते आणि घाम लागला की झोंबतं. वर आभाळाची एक पट्टी. पुढं चार हात दिसतं, मागं वळलं तर तेवढंही नाही. वारा नसला तरी पाचट वाजतं. उंदीर असतो, साप असतो, डुक्कर असतं, गवा उसात शिरल्याचं तर आता सगळ्यांनाच माहीत आहे, पार शहराच्या कडेपर्यंत आलेत ते. आवाजावरून लहानमोठं काही कळत नाही. उंदीर पाचटात पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येतो. आपण थांबलो की तो थांबतो असं वाटतं. आणि पाणी कुठवर आलंय ते बघायला तर पार दुसऱ्या टोकाला जायलाच लागतं.

कोयता पाहिजे म्हणतोस ना? मग उसाच्या फडात कोयता कुणाच्याही हातात असतो. तिथं तो वेगळा आणायला लागत नाही. तोडणी चालू असली की फडाच्या कडेला कोयत्यांची रास. त्यातला एक कमी आहे हे कुणाला कळणार?

निशाचर_नऊनंबर
पाटपाणी दादा, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरामागंच ऊस आहे.

आजरा_घनसाळ
लिहिलंत छान, पण कोयता आणि तोडकरी ह्यांची सांगड घालताना पोरांनी जपून जावं. तोडायला येणारी माणसं लांबून येतात, कोपीत राहतात, पहाटेच्या थंडीत बायका लेकरं पाठीशी बांधून फडात उतरतात. खुनी म्हणून त्यांच्यातलाच दाखवाल तर तो पिक्चर मी बघणार नाही. उलट ज्यांना पोरं घाबरतात तेच लोक त्यांना वाचवायला येऊ देत.

पाटपाणी
बरोबर आहे ताई. माझ्या डोक्यात पाणी पाजणाराच होता. मारणारा गावातलाच कुणीतरी.

शुक्रवारपेठ
आता एक अडचण सांगतो. उसातला भयपट मराठीत झालाय. विशाल फुरियांचा 'लपाछपी', २०१७ ला थिएटरात आला. उसाच्या मधोमध घर, गरोदर बाई. पुढं त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला, २०२१ मध्ये. म्हणजे पोरांनी ऊस घेतला की लोक म्हणणार, आधी इंग्रजीची कॉपी होती, आता 'लपाछपी'ची. कोयतावाला, तुमच्यावर टीका म्हणून नाही सांगत. आधीच माहीत असावं म्हणून.

रीळवाला
म्हणू देत. 'लपाछपी'तला ऊस बाईला आत कोंडतो, बाहेर पडायला वाट देत नाही. पाटपाणी सांगतात तो रात्रीच्या लाइटीचा ऊस आहे, माणूस कामासाठी स्वतःच्या पायानं आत जातो. जागा तीच आणि भीती दोन वेगळ्या. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला केला. कॅमेरा, आवाज, लेखन, दिग्दर्शन सगळं भावाभावांत वाटून घेतलेलं. त्यांनीही जुनेच वाडे आणि जुनीच भुतं वापरली, पण त्या डोंगरातला पाऊस आणि अंधार त्यांना ठाऊक होता. म्हणून ते चाललं.

जुनाराजवाडा (धागाकर्ती)
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडं येते. शुक्रवारपेठ, तुम्ही दुष्काळ नाही म्हणालात ते खरं निघालं: धुकं, चकवा, रातकिडे, आईचे फोन, रात्रीचं पाणी. ह्यातली एकही गोष्ट कुठल्या इंग्रजी पिक्चरमधून आणावी लागली नाही, आणि तरी पाच पोरं, एक मारणारा आणि शेवटी उरलेली मुलगी हा सांगाडा तोच ठेवता येतो. सांगाडा मला आवडतो. तो मोडू नका.

कोयतावाला, माझं एक मागणं. पाचातली एकजण शेतकऱ्याची मुलगी करा. बाकीचे चौघं शहरातले, उसात शिरल्यावर पळायला बघतात. तिला माहीत असतं की सरीतून पळता येत नाही, सरीच्या कडेनं वाकून जायचं, पाण्याच्या उलट दिशेनं गेलं की विहीर आणि मोटर सापडते. ती का उरली हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

गवा_आडवा
आणि आवाज जागेवरच घ्या! माइक मी देतो, पक्ष्यांसाठी घेतलेला आहे. उसातले रातकिडे जंगलातल्यापेक्षा वेगळे वाजतात, दोन्ही नोंदवू.

कोयतावाला
ताई, मुलगी ठरली. आमच्यातली एकजण खरंच कागलकडची आहे, घरी ऊस आहे, ती आत्ताच म्हणाली की पटकथा मीच लिहिणार. गवा_आडवा दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पाटपाणी दादा, तुमच्या रानात दोन रात्री मिळतील का? नासधूस होणार नाही, सऱ्या मोडणार नाही. मुखवट्याचं मात्र नक्की नाही, सगळे म्हणतात की बुजगावण्याचं मडकं वापरू.

पाटपाणी
या की. तोडणीची पाळी यायच्या आत या, एकदा फड तुटला की मोकळं रान. रात्रीची लाइट कुठल्या आठवड्यात आहे ते बघून कळवतो, म्हणजे मोटरचा आवाजही खरा मिळेल. पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि बूट घालून यायचं, चप्पल चालणार नाही. आणि घरच्यांना माझा नंबर देऊन या.

आजरा_घनसाळ
शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. दोन्ही रात्रीचं जेवण माझ्याकडून. किती जण आहात ते कळवा.